दोघांसाठी, अमर्याद

कूपन आजच संपत होतं.
सेलमध्ये घेतलेलं, पैसे परत न मिळणारं,
वकिलांच्या यादीत ते आलंच नाही.
यादीत फ्रिज होता, बँकेतला लॉकर,
तुझ्या आत्याने दिलेली समई.
कोर्टाच्या पायऱ्या उतरल्यावर तूच म्हणालास,
वाया कशाला घालवायचं?
आणि रिक्षाला हात केलास.

काउंटरवरच्या मुलीने वाचलं, 'धारप, दोघं',
माझ्याकडे बघून हसली.
मी दुरुस्ती केली नाही.
सतरा वर्षं चाललं, अजून दीड तास.
टेबल दीड तासाचंच, पाटीवर लिहिलं होतं.
खाली लाल अक्षरात :
हवं तेवढं घ्या, पानात टाकलंत
तर नगाला पंच्याहत्तर रुपये.
तुझ्या आईचं वाक्य, फक्त दर लावून.

समोरून पट्टा फिरत होता.
प्लास्टिकच्या घुमटांखाली बशा
सरकत येणाऱ्या, वळणावर किंचित थरथरणाऱ्या.
कसलीशी नारिंगी अंडी असलेली एक बशी
चार वेळा आली. कुणी घेतली नाही.
पाचव्यांदा मीच मान वळवली.

तू काकडीचे घेतलेस. अर्थात.
वरची काळी पट्टी सोललीस
जुन्या पावतीपुस्तकातला कार्बन काढावा तशी,
आत थंड, चिकट भात.
'वरण असतं तर', म्हणालास.
आपण हसलो,
पूर्वीसारखं नाही,
एका टेबलावर योगायोगाने बसलेली माणसं हसतात तसं.

मी मासे खाल्ले.
रावस, टूना, नाव न कळलेला एक पांढरा,
सुरीच्या एकाच ओढीत कापलेला.
तुझ्या घरात माझा तवा गॅलरीत असायचा,
कुंड्यांच्या मागे, उपडा.
तू टूरवर गेलास की बांगडा.
मग उघड्या खिडक्या, उदबत्ती, लिंबाने घासलेले हात,
आणि तरी तू परत आल्यावर दारातच थांबायचास,
काही न बोलता
पंखा लावायचास.
भांडलो असतो तर बरं झालं असतं.
तो तवा कुणाच्या वाट्याला गेला, आठवत नाही.

काउंटरमागे थांगबोई. नाव छातीवर.
राहतो कालिन्यात, मराठी घरमालकिणीची उचललेली,
तिचे हेल सुद्धा.
'घ्या हो ताई, एकाने काय होतंय?'
आग्रह! या अमर्याद जागेत,
जिथे कुणी कुणाला वाढत नाही.
मी घेतला. मग आणखी एक.
ती हिरवी चटणी फेसलेल्या मोहरीसारखी
सरळ नाकात चढली, डोळे भरून आले,
आणि तू, न बघताच,
पाण्याचा ग्लास पुढे सरकवलास.

पाच मिनिटं उरली.
मुलगी आमच्याभोवती घुटमळू लागली.
माझ्या बशीत एक तुकडा, टूना, भाताच्या उशीवर.
पोटात जागा नव्हती. खरंच नव्हती.
म्हटलं, जाऊ दे, भरते पंच्याहत्तर.
तू काड्या बाजूला ठेवल्यास,
तुकडा बोटांनी उचललास, डोळे मिटलेस
लहान मुलं एरंडेल घेताना मिटतात तसे,
आणि चावलास.
खूप वेळ चावत राहिलास.
तुझ्या कानशिलाजवळ हलणारी शीर
मी कधी नीट पाहिली नव्हती.
गिळल्यावर म्हणालास,
'वास नाही येत.'

एवढंच.
पंच्याहत्तर रुपये वाचवलेस की आणखी काही,
मी विचारलं नाही,
तुलाही ठाऊक असेल असं नाही.

खाली मी सायनच्या बसला उभी राहिले,
तुला लगेच रिक्षा मिळाली.
सिग्नलला ती थांबली तेव्हा बाजूने दिसलास,
मांडीवर फाइल,
उजव्या हाताची बोटं
नाकाशी नेलेली.